शेजारी, जरासं मागे

दुभाष्याची खुर्ची रुग्णाच्या शेजारी, जरा मागे असते. समोर बसलं की डॉक्टर रुग्णाला सोडून दुभाष्याशीच बोलू लागतात. कॅलिफोर्नियात स्पॅनिश वैद्यकीय दुभाष्यांच्या वर्गात आधी हे शिकवलं, शब्द नंतर. प्रमाणपत्राच्या परीक्षेआधी किमान 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यातले बरेचसे तास खोटे रुग्ण होऊन एकमेकांना छळण्यात जातात.

भारदस्त शब्द फारसे अडवत नाहीत. इसोफॅगस-एसोफागो, अपेंडिक्स-अपेन्दिसे, सगळं ग्रीक-लॅटिनचं गोत. घाम फुटतो तो घरगुती शब्दांना. 'एस्पिनिया' म्हणजे नडगी आणि चेहऱ्यावरचा मुरूमही. 'बोका देल एस्तोमागो', पोटाचं तोंड, म्हणत रुग्ण छातीच्या हाडाखाली बोट ठेवतो. 'तेन्गो असुकार', मला साखर आहे, हे मात्र मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

रुग्ण "माझं पोट दुखतंय" म्हणाला की दुभाषीही "माझं पोट दुखतंय" असंच म्हणतो. स्वतःला काही विचारायचं असेल तर "दुभाष्याला खुलासा हवा आहे" असं, परक्यासारखं. (स्मृतिभ्रंश झालेल्या आजीपुढे हा नियम ताणू नये, असं माझं मत.)

सरावात शिक्षिका आजीबाई झाल्या. 'डॉक्टर' एका दमात मेटफॉर्मिन, 500 मिलिग्रॅम, दोनदा, जेवणाबरोबर, असं सांगत सुटला. दुभाषी मुलीने हलकेच हात वर करून त्याला थांबवलं, औषध आणि आकडे वहीत टिपले, मग बोलली. आजीबाईंची मान "सी, सी" करत डोलत होती. हा होकार निव्वळ अदबीचाही असू शकतो. पण दुभाष्याने परस्पर समजावायचं नसतं. तिने दोघांनाही ऐकू जाईल असं, दोन्ही भाषांत सुचवलं, "गोळी कशी घेणार ते आजींकडून वदवून घ्यावं." आजीबाईंनी सांगितलं, जेवण झाल्यावर एकदाच. तपासणी संपल्यावर वहीतलं पान फाडून टाकायचं, हाही नियमच.

2016 च्या अमेरिकी संघराज्य नियमाने, जिवावरचा प्रसंग सोडल्यास, अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई केली. वर्गातल्या कितीतरी जणांनी तेच लहानपणी आईसाठी केलं होतं. त्यांचं स्पॅनिश माझ्याहून कितीतरी अस्सल. तरीही 'काहीही गाळायचं नाही' हा नियम त्यांनाच सर्वांत जड जात होता. आई घाबरू नये म्हणून निम्मं गिळायची सवय जिभेला लागलेली.