डायलिसिसचे रुग्ण, त्यांची हाडे आणि रक्ताचा रिपोर्ट

डायलिसिसवर पाच-दहा वर्षे काढलेल्या रुग्णांपैकी अनेकांची हाडे दुखू लागतात, अंगाला खाज सुटते. कॅल्शियम तपासले जाते. आकडा बरोबर येतो आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा फसवा आहे. प्रस्तुत लेखक बँकेतला कारकून असल्यामुळे उदाहरणही बँकेतलेच देतो.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. ती मुदतठेव समजा. रक्तातले कॅल्शियम म्हणजे चालू खात्यातली शिल्लक. हृदय व स्नायू यांना ही शिल्लक ठरावीकच लागते. ती घटू लागली की मानेतील चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचे संप्रेरक सोडतात आणि ठेव मोडून खाते भरले जाते. पासबुकातली शिल्लक पाहणाऱ्याला ठेव मोडल्याचा पत्ताच लागत नाही!

निरोगी मूत्रपिंडे जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देतात. त्याशिवाय आतड्यांतून पुरेसे कॅल्शियम शोषले जात नाही. मूत्रपिंडे निकामी झाली की दोन्ही कामे खोळंबतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्रावर राहूनही अन्नातून आलेला सगळा फॉस्फरस निघत नाही. ग्रंथींना उसंत मिळत नाही, त्या वाढत जातात आणि हाडे झिजत राहतात.

म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे चार आकडे एकत्र वाचावे लागतात. यातले शेवटचे हाड घडविणाऱ्या पेशींतून येते. पीटीएचबरोबर तेही चढले तर हाडांची मोडतोड व बांधणी जोरात चालू आहे, असा तर्क करतात. पण ते यकृतातूनही येत असल्याने यकृताचा विकार असलेल्या रुग्णात एकट्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

पीटीएच जितके कमी तितके चांगले, असेही नाही. 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थेच्या २०१७ च्या शिफारशीत डायलिसिसच्या रुग्णासाठी ते निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट चालते असे म्हटले आहे. फारच खाली गेले तर जुने हाड बदलले जात नाही, ते ठिसूळ होते आणि कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचू शकते. हाडे दुखतात म्हणून दुकानातून आपल्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या आणणे यासाठीच धोक्याचे.

पीटीएचची तपासणी महाग, म्हणून खर्चाची ओढाताण असलेल्या घरात ती प्रथम गळते. कॅल्शियम व फॉस्फरस दर एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी पाहावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची; तेव्हा जुने रिपोर्ट तारीखवार फाईलला लावावेत. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण पीटीएच मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो. आणि डॉक्टरांनी फॉस्फरस अडविणारी गोळी दिली असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यावी; उपाशीपोटी घेतली तर अडवायला पोटात अन्नच नसते.