माकडांनी फोडलेले दगड

ब्राझीलमधल्या सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानातली कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटतात. क्वार्ट्झाइटचा गोटा एका किंवा दोन्ही हातांनी उचलायचा, कड्यात रुतलेल्या दुसऱ्या गोट्यावर दाणकन हाणायचा आणि पडलेला भुगा चाटून घ्यायचा. त्यातून खनिजे मिळत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या खटाटोपात दगडाचे छिलके उडतात. त्यांची कड धारदार असते आणि फुटलेल्या बाजूला शिंपल्यासारखा वळसा दिसतो. आफ्रिकेत उत्खननात असे छिलके मिळाले, की ती आदिमानवाची हत्यारे ठरत आली आहेत. माकडे मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांनी छिलक्याने काही कापल्याचे संशोधकांना एकदाही दिसले नाही.

टोमोस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी हे २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. पुढे २०२३ मध्ये थायलंडमधल्या लांब शेपटीच्या माकडांबाबतही तेच आढळले: दगडाने तेलताडाची फळे फोडताना नेम चुकला, की छिलका उडतो.

कॅपुचिन काही आपले पूर्वज नव्हेत. त्यांची आणि आपली वाट सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. तरीही मला त्यांचा अभ्यास मोलाचा वाटतो. पूर्वज कसे वागत होते, हे ही माकडे सांगू शकत नाहीत. पण कोणत्या पुराव्यावर किती विसंबायचे, हे त्यांच्याकडून नक्की कळते.

केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी येथे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे मिळाल्याचे सोनिया हार्मंड यांच्या चमूने २०१५ मध्ये जाहीर केले. आपल्या ‘होमो’ प्रजातीकुळाचा सर्वांत जुना ज्ञात जबडा सुमारे २८ लाख वर्षांचा आहे. म्हणजे ही हत्यारे त्याहूनही ५ लाख वर्षे जुनी! त्यातले काही दगड १५ किलोंचे आहेत. एकाच दगडावरून ओळीने छिलके काढल्याच्या खुणा आहेत, म्हणून ते हेतुपुरस्सर घडवले असावेत, हे मला पटते. त्यांनी काय कापले, याचा पुरावा मात्र तिथे नाही.

दगडी हत्याराने कापल्याचा असा पुरावा इथिओपियातल्या बूरी येथे आहे. तिथल्या २५ लाख वर्षांपूर्वीच्या एका हरणवर्गीय प्राण्याच्या जबड्यावर आतल्या बाजूने बारीक चरे आहेत. जीभ कापून काढताना ते पडले असावेत. लांब हाडे आतल्या मज्जेसाठी फोडलेली आहेत. असा चरा कोणतेही माकड चुकून पाडत नाही. हत्यार वापरल्याची खात्री करायची, तर दगडाइतकेच शेजारचे हाडही तपासायला हवे.