उसातला बिबट्या आणि कोपीतले लेकरू

बिबट्या गावात शिरला अशी बातमी आली की वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरलेले असते. ‘जंगले घटल्याने वन्यप्राणी मानवी वस्तीकडे वळले.’ हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या तालुक्यांपुरते तरी ते अर्धेच खरे आहे. इथला बिबट्या जंगल सोडून आलेला नाही. तो उसात जन्मला, उसात वाढला. त्याच्या आईनेही जंगल पाहिले असेलच असे नाही.

हा ऊस आला कुठून? कुकडी प्रकल्पातून माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणे उभी राहिली. धरणाखाली ज्यांची घरे-शेते गेली त्यांत महादेव कोळी आदिवासी होते. कालव्याचे पाणी मात्र खालच्या बागायतीला मिळाले. जिथे बाजरी, मटकी, हुलगा पिकत होता तिथे ऊस उभा राहिला. बाजरी तीन-चार महिन्यांत कापून निघते आणि रान मोकळे होते. अडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. एक फड तुटला तर शेजारचा उभाच असतो. दोन पुरुष उंचीचे दाट रान, बारा महिने पाणी, जवळच गावातली कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? वाघ इतका जुळवून घेत नाही. बिबट्या घेतो.

हा आमचा तर्क नाही. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून बिबटे मोजले. अभयारण्य नाही, राखीव जंगल नाही, उलट चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, अशा शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांच्या खाण्याचा हिशेबही आला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव व गावातल्या जनावरांचे होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. म्हणजे हजारो माणसांच्या शेजारी राहून हे जनावर बहुतेक रात्री कुत्र्यावर भागवते आणि कुणाला दिसतही नाही.

मग माणसांवर हल्ले का वाढले? त्यालाही एक इतिहास आहे. २००१ पासून जुन्नर वनविभागात पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा धडाका सुरू झाला. बागायतदार समाधानी, पुढारी समाधानी. परंतु जिथे हे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपास माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. अनोळखी मुलखात आणून टाकलेले, पिंजऱ्यात चवताळलेले जनावर आणखी काय करणार? जंगलाच्या कडेला कोण राहतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. बागायतीतले संकट उचलून पाड्यावर नेऊन ठेवले, एवढाच त्या मोहिमेचा अर्थ.

आता उसाच्या फडाकडे येऊ. कारण या प्रश्नाची जी बाजू वन्यजीवप्रेमींच्या परिसंवादात येत नाही आणि साखरसम्राटांच्या वार्षिक सभेतही येत नाही, ती तिथे आहे.

गेल्या हंगामात आम्ही जुन्नर भागातल्या एका तोडणी कामगारांच्या तळावर गेलो होतो. माणसे बीडकडची. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, दोन घरे भिल्लांची. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या. दाराला फळी नाही, कारण दारच नाही. वीज नाही. संडास नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. पहाटे अंधारातच टोळी फडात जाते. तान्हे पोर बांधावर झोळीत, त्याला राखायला सहा-सात वर्षांची बहीण.

तळापासून हाकेच्या अंतरावर वनखात्याचा फलक होता. मजकूर चांगला होता, शुद्धलेखनही बिनचूक. लहान मुलांना एकटे सोडू नका. अंधारात एकट्याने बाहेर पडू नका. उघड्यावर झोपू नका. उघड्यावर शौचास बसू नका. आम्ही तो फलक दोनदा वाचला. त्यातली एकही सूचना पाळणे त्या तळावरच्या माणसाच्या हातात नव्हते. हा फलक कामगारांसाठी नव्हता. तो कारखान्याच्या कार्यालयात लावायला हवा होता.

जाणकार सांगतात की उभा माणूस हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य नाही. पण वाकलेला, बसलेला माणूस आणि लहान मूल त्याला वेगळे दिसते. तोडणी करणारी बाई दिवसभर वाकलेली असते. शिवाय ज्या महिन्यांत फड तुटत जातात त्याच महिन्यांत बिबट्याचा आडोसा रोज थोडा थोडा नाहीसा होतो आणि तो जागा बदलत राहतो. त्याच्या वाटेवर सर्वांत आधी लागते ती दार नसलेली कोपी. याला आपण निसर्गाचा कोप म्हणणार का?

एका बाईला आम्ही विचारले, भीती वाटत नाही का? ती म्हणाली, “वाटती की. पर बिबट्या दिसला म्हनून फड सोडला तर उचल कशी फिटंल, दादा?”

लहान शेतकऱ्याची दशाही फार वेगळी नाही, हे सांगितलेच पाहिजे. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत आली की त्याला दारे धरायला अंधारात जावे लागते. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी रास्त आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक रस्त्यावर उतरले. बिबट्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर नसबंदीच्या प्रयोगाला परवानगीही आली. त्याचा उपयोग होईल तो होवो. पण बिबटे वाढवणारी जी पीकरचना आहे, तिच्यावर एक शब्द कुणी काढला नाही.

जमीन कशी वापरली जाते यावर कुठला प्राणी राहणार आणि कुठला जाणार हे ठरते. ज्या पाण्याने बिबट्याला घर दिले त्याच पाण्याने माळढोकाचे घर मोडले. हा पक्षी उघड्या माळावर, जमिनीवर एकच अंडे घालतो. त्याला झाड नको, ऊस नको, गवत हवे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगरकडे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर काढले आणि २०१२ मध्ये ते सुमारे बाराशेवर आणले. सरकारी दप्तरात माळ म्हणजे ‘पडीक’. ‘पडीक’ म्हटले की ती कारखान्याला, वसाहतीला द्यायला मोकळी. पण हीच पडीक गायराने भूमिहीनांना द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली लाखो माणसे तुरुंगात गेली, तेव्हा मात्र सरकारला गुरांच्या चराईची आठवण झाली होती. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या तुकड्यांत आजही लांडगा, खोकड, काळवीट दिसतात. हे रान राखले कुणी, याचा शोध एखाद्या विद्यापीठाने घ्यावा.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा असे मांडले होते. तेवढे दूर आज कुणी जाणार नाही. पण कारखान्याला दरवर्षी गाळपाचा परवाना लागतो. तळावर पक्क्या भिंतीची, दाराची खोली, दिवा, संडास आणि पोरांसाठी पाळणाघर असल्याखेरीज तो परवाना देऊ नये, ही अट घालायला कुठल्या प्रयोगाची गरज आहे? बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेल्यावर वारसांना २५ लाख देण्याची तरतूद आहे. त्यातल्या एका मृत्यूच्या पैशात किती दारे बसतील, याचा हिशेब साखर आयुक्तालयाने करावा.

त्या तळावरच्या माणसांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. हंगामाच्या सुरुवातीला फडात बिबट्याची तीन पिल्ले सापडली होती. तोडणी थांबवली. वनखात्याची माणसे आली, पिल्ले तपासली, एका क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवली आणि रात्रभर दूर गाडीत जागत बसली. पहाटेपूर्वी मादी आली आणि एकेक करून तिन्ही पिल्ले तोंडात धरून घेऊन गेली. चांगले काम झाले. त्या रात्री तळावरची पोरे बैलगाडीखाली गोधडीत झोपली होती, आणि त्यांच्या आया सरपणाचा जाळ विझू नये म्हणून पाळीपाळीने जाग्या होत्या.