काचेच्या पेटीला भिऊ नका, उशिराला भ्या

शिरोड्याच्या आसपासच्या बौद्धवाड्यांत आम्ही बाळंतिणींच्या भेटीला जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते : "काचेत ठेयलेला पोर घराक येणा नाय." बाळाला मोठ्या रुग्णालयात न्या म्हटले की घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणते उद्या बघू, कोणी म्हणते आधी जाणत्याला दाखवू. काही घरांत तर भरती केलेले बाळ कागदावर सही करून परत आणले जाते. म्हणून यावेळी या काचेच्या पेटीविषयीच लिहीत आहोत.

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. आपल्या देशात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले याच २८ दिवसांत दगावतात, आणि त्यातलीही बहुतेक पहिल्या आठवड्यात. या बाळांसाठी जिल्हा रुग्णालयात जो खास कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. आपण जिला काचेची पेटी म्हणतो, तो बहुतेक वेळा वरून ऊब देणारा पाळणा असतो. तिथे येणारी बहुसंख्य बाळे चार कारणांनी येतात.

कमी वजन आणि अपुरे दिवस

अडीच किलोपेक्षा कमी म्हणजे कमी वजन, ३७ आठवड्यांच्या आत म्हणजे अपुऱ्या दिवसांचे. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून ते चटकन गार पडते. चोखायला ताकद नसते, फुप्फुसे कच्ची असतात. दोन किलोच्या आसपासची बाळे ऊब आणि आईचे दूध मिळाले की बहुतेक घरी जातात. एक किलोच्या आतल्या बाळाची लढाई मात्र फार कठीण असते.

इथे आईची छाती हेच मोठे औषध आहे. बाळाला उघडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, वरून पांघरूण घ्यायचे. याला कांगारू माता पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा ती सुरू झाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. एक किलो ते १८०० ग्रॅम वजनाच्या बाळांत ही पद्धत जन्मल्याबरोबर सुरू केली, तेव्हा शंभरात १६ ऐवजी १२ बाळे दगावली. म्हणजे शंभरात चार जीव जास्त वाचले. म्हणून परिचारिका आईला आत बोलावतील तेव्हा लाजू नका. आई अशक्त असेल तर आजी, मावशी, बापसुद्धा बाळाला छातीशी धरू शकतो.

जन्मल्यावर न रडणे

बाळ रडले नाही म्हणजे श्वास सुरू झाला नाही. पहिल्या मिनिटातच मदत लागते. म्हणून प्रसूती दवाखान्यातच व्हायला हवी. थोडक्यात सावरलेली बाळे ठणठणीत होतात. मेंदूला जास्त वेळ प्राणवायू मिळाला नाही तर झटके येतात, काही बाळे दगावतात, वाचलेल्यांपैकी काहींचे मान धरणे, बसणे, बोलणे मागे राहते.

जंतुसंसर्ग

डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांच्या रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले, त्यांतली जवळपास निम्मी दगावली होती, आणि पुष्कळ जंतूंवर नेहमीची औषधे चालत नव्हती. म्हणून कक्षात जाताना कोपरापर्यंत हात धुवा. घरी नाळेवर तेल, हळद, राख काही लावू नका. बाळाची छाती पिळू नका, नाकात-कानात तेल सोडू नका, मध-गुळवणी चाटवू नका.

कावीळ

दोन-तीन दिवसांच्या बाळाला थोडी कावीळ होणे नेहमीचे आहे. पण पहिल्याच दिवशी पिवळे दिसले किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर धोका आहे. निळ्या दिव्याखाली ठेवले की बहुतेक सगळी बाळे दोन-चार दिवसांत घरी जातात. उन्हात धरण्यात, डाग देण्यात किंवा माळ घालण्यात दिवस घालवले तर कावीळ मेंदूत जाते. मग कायमचा बहिरेपणा किंवा अपंगत्व येते. बरा होणारा आजार उशिरामुळे जन्माचा होतो.

ही लक्षणे दिसली की निघा

दूध ओढत नाही किंवा ओढायचे थांबले. हात-पाय गार लागतात, किंवा ताप आहे. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाते. बाळ मलूल आहे, झटके येतात. नाळेतून पू येतो. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. नवजात बाळाला संसर्गात ताप येईलच असे नाही, उलट ते गार पडते.

शिरोड्याहून ओरोस काय आणि बांबोळी काय, रस्ता लांबचाच. त्या रस्त्यात बाळ गार पडले तर पोहोचेपर्यंत अर्धी लढाई हरलेली असते. म्हणून १०८ ला फोन करा, बाळाला टोपी घालून छातीशी उघड्या अंगाने धरा, पीत असेल तर अंगावर पाजत राहा. निघण्याआधी आंघोळ घालू नका.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्याप्रमाणे सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे औषध, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर लेखी पावती मागा. गोव्याच्या बांबोळी रुग्णालयात २०१८ मध्ये बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झाले. तिकडे पाठवले तर रेशनकार्ड, आधार आणि पाठवणीची चिठ्ठी सोबत घ्या, आणि योजनेची चौकशी पोहोचल्याबरोबर करा.

भीती खोटी नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या याच कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. पण त्यावरचा उपाय बाळ घरी ठेवणे हा नाही. आग विझवण्याची सोय आहे का, रात्री किती परिचारिका असतात, हे रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत विचारणे हा उपाय आहे.

घरी आल्यावर

सुट्टी मिळाली म्हणजे सगळे संपले नाही. दोन किलोच्या आतले किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्याच. ती चुकली तर काही बाळांची दृष्टी कायमची जाते. कानही तपासा. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटायला येते. हा घरभेटींचा मार्ग आपल्या गडचिरोलीनेच दाखवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून नवजातांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक खाली आणले. ते १९९९ मध्ये जगासमोर आले. आशाताईला दारातून परत पाठवू नका, वजन करायला लावा.

शेवटी दोन गोष्टी. देशभरच्या नोंदींत एसएनसीयूमध्ये मुलांपेक्षा मुली कमी आणल्या जातात. मुलगी आजारी पडली की आपण थांबतो का, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. दुसरे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जन्मांमागे इतरांची सुमारे २३ नवजात बाळे दगावली, तर अनुसूचित जातींची ३३. आपली बाळे जन्मतः वेगळी नसतात. आईचे अपुरे खाणे, नवव्या महिन्यापर्यंत काजूच्या कारखान्यात नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबणे आणि रुग्णालयाचे अंतर, यातून तो फरक पडतो. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच सांगितले की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे. वाडीत कोणी गरोदर असेल तर तिच्या ताटात चार घास जास्त घाला, शेवटचे दोन महिने तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्या, आणि १०८ ला फोन कोण करणार, सोबत कोण जाणार, हे आजच ठरवून ठेवा.