दहाव्या वाढदिवसाच्या आधी

सातवीतला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. गाव चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडचं, कुठलंही. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात खर्र्याची छोटी पन्नी सापडते, आईच्या पोटात गोळा येतो आणि घरात पहिला प्रश्न उठतो: कुणाच्या नादी लागला हा? मित्रांचा वाटा असतोच. पण पुष्कळ घरांत ही वाट आपल्याच ओसरीवरून निघालेली असते. "जाय बरं बाबू, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये," असं सांगून आपणच त्याला सहा-सात वर्षांचा असताना धाडलेलं असतं. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू नि चुना घालून घोट घोट घोटतो आणि पोरगं काउंटरला हनुवटी टेकवून बघत राहतं. भाव त्याला पाठ असतो, वास ओळखीचा होतो. येताना पन्नी उघडून चिमूटभर जिभेवर टाकलं, तर घरी कुणाला कळतही नाही.

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातली 13 ते 15 वयाची साडेआठ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरत होती. त्यातली जी चघळण्याचा, चोळण्याचा तंबाखू घेत, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहाव्या वाढदिवसाच्या आधीच केली होती. आठवी-नववीत कर्करोगाची चित्रं दाखवून जे सांगितलं जातं, ते या मुलांसाठी फार उशिरा येतं.

आत घडतं काय ते पाहू. तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जातं. चुन्यामुळे ते अशा रूपात येतं, की ही वाट त्याला फारच सोपी होते. थोड्याच वेळात ते मेंदूत पोहोचतं आणि हलकंसं बरं वाटतं. या वयाचा मेंदू शिकायला अतिशय तल्लख असतो, पण स्वतःला आवरणारा त्याचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून मुलगा एक साधी जोडणी पटकन शिकतो: कंटाळा आला की पन्नी, बोलणी खाल्ली की पन्नी. काही महिन्यांनी मजा राहत नाही. घेतलं नाही तर चिडचिड होते, तेवढी टाळण्यासाठी तो घेत राहतो.

सुपारीलाही निरुपद्रवी समजू नका. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा सवय लावते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारकांच्या यादीत घातलं आहे. लग्नात मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवणं मला तरी आता पाहवत नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा हळूहळू राठ होत जाते. आधी ठेचा, तिखट वांग्याची भाजी झोंबायला लागते. मग तोंड कमी उघडतं. मुलाला स्वतःचीच तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, तर दंतवैद्याकडे न्यायला आठवड्याचीही ढिलाई करू नये. गेलेली लवचीकता पुरती परत येत नाही. सुपारी थांबवली तर पुढची हानी मात्र रोखता येते.

आता उपाय. पहिला फुकट आहे आणि आजच करता येतो: मुलाला खर्रा, बिडी, तंबाखूची पुडी आणायला पाठवणं बंद. घरात मशेरी लावली जात असेल, तर डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ज्या वडिलांना स्वतःचा खर्रा सुटत नाही, त्यांनी तसं मुलाला मोकळेपणाने सांगावं. "मी अडकलोय, तू अडकू नये असं मला वाटतं," हे वाक्य लपवाछपवीपेक्षा मुलाच्या मनात खोल उतरतं.

दुसरा उपाय संध्याकाळचा. आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये हा आकडा पाचवर आला. तिथे नुसती भाषणं झाली नाहीत. मुलांच्या खेळाला, संगीताला नगरपालिकेने पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंधन आलं, आणि पालकांनी एकत्र बसून नियम ठरवले. तो श्रीमंत देश आहे, मान्य. पण शाळेच्या मैदानावर दिवा लावून सात वाजेपर्यंत कबड्डी घेणारा एक मोठा दादा आपल्याही गावात मिळतो.

तिसरा ठेल्याचा. शाळेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. दंड जेमतेम दोनशे रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे किती ठेलेवाल्यांना ठाऊक आहे? शाळा व्यवस्थापन समितीने फाटकापासून अंतर मोजावं, पिवळी रेषा आखावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि ठेलेवाल्याशी आधी माणसासारखं बोलावं; तोही गावातलाच असतो, त्याचीही मुलं त्याच शाळेत असतात. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान हे काम गावागावांतल्या समित्यांच्या बळावर करत आलं आहे.

आणि पन्नी सापडलीच, तर? मारू नका. मारलं की पन्नी दप्तरातून चड्डीच्या खिशात जाते, इतकंच. शांतपणे विचारा: दिवसातून किती, कुठल्या वेळी, कुणासोबत? तलफ येते ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं पाणी, भाजलेली बडीशेप, घराबाहेर एक चक्कर. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. झोप बिघडते, लक्ष लागत नाही, मुलगा तोडून बोलतो. त्या दिवसांत घरातल्या कुणी तरी संध्याकाळी त्याच्याजवळ बसावं. मधेच पुन्हा खाल्लं, तर दुसऱ्या दिवसापासून परत सुरुवात करायची. फोनवर सल्ला हवा असेल, तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि पहिला फोन वडिलांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.