वाहत्या पाण्याचे दीर्घ उद्‌भासन छायाचित्रण

वाहत्या पाण्याचे दीर्घ उद्‌भासन छायाचित्रण : कॅमेऱ्याची झडप (शटर) नेहमीपेक्षा अधिक वेळ उघडी ठेवून वाहत्या पाण्याचे छायाचित्र घेण्याची पद्धती. प्रकाशसंवेदी पृष्ठावर प्रकाश पडू देण्याच्या क्रियेस उद्‌भासन म्हणतात. या पद्धतीत उद्‌भासनकाल सामान्यतः सु. १/४ सेकंदापासून काही मिनिटांपर्यंत असतो. खडक, बंधारा यांसारख्या स्थिर वस्तू रेखीव उमटतात. पाणी मात्र रेशमी पट्ट्यांसारखे किंवा धुक्यासारखे दिसते.

तत्त्व : ५ मी. उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा तळाशी वेग सेकंदाला सु. १० मी. असतो. १/१,००० सेकंदात ते केवळ १ सेंमी. सरकते, त्यामुळे थेंब सुटे दिसतात. १/२ सेकंदात तेच पाणी काही मीटर पुढे जाते आणि प्रत्येक थेंबाची व फेसाच्या प्रत्येक कणाची रेषा उमटते. अशा असंख्य रेषा एकमेकींत मिसळून पांढरा पडदा तयार होतो. म्हणजे हे चित्र एका क्षणाचे नसून त्या अवधीत आलेल्या प्रकाशाची बेरीज असते.

इतिहास : प्रारंभीच्या काळात हा परिणाम ऐच्छिक नव्हता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पट्टिकांना बहुधा काही सेकंदांचे उद्‌भासन लागे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे सभासद तिला लाभले, तेव्हाही हीच अडचण होती. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनी कोरड्या पट्टिकांत पुढे सुधारणा होऊन उद्‌भासनकाल घटला आणि पाणी गोठवावे की वाहू द्यावे, ही निवड छायाचित्रकाराच्या हाती आली.

कृती : कॅमेरा भक्कम तिपाईवर बसवून झडप दूरनियंत्रकाने वा स्वयंकालकाने उघडतात. संवेदनक्षमता १०० व भिंगाचे छिद्र एफ/१६ असता लख्ख उन्हात सु. १/१०० सेकंद पुरतो. छिद्र याहून लहान केल्यास विवर्तनामुळे रेखीवपणा कमी होतो. म्हणून भिंगापुढे करड्या काचेचा उदासीन फिल्टर लावतात. ०·९ घनतेचा फिल्टर १/८ व ३·० घनतेचा १/१,००० प्रकाश आत सोडतो. दुसऱ्याने वरील उद्‌भासन सु. १० सेकंदांचे होते. दाट ढगाळ हवेत मूळ उद्‌भासनच सु. १/१५ सेकंद असल्याने पहिला फिल्टर लावूनही १/२ सेकंद मिळतो. फिल्मवर सु. एका सेकंदापलीकडे संवेदनक्षमता घटत जाते व उद्‌भासन हिशेबापेक्षा वाढवावे लागते. अंकीय कॅमेऱ्यात हा दोष नसतो. परंतु फार दीर्घ उद्‌भासनात चित्रावर प्रकाशाचे खोटे ठिपके उमटू शकतात.

सोलापूर परिसर : सोलापूर जिल्ह्यात वार्षिक पर्जन्य सु. ५५ सेंमी. असून सप्टेंबरमध्ये तो विशेष पडतो. त्यामुळे दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीसारख्या गावांच्या शिवारातील ओढे पावसानंतर थोडेच दिवस वाहतात आणि छायाचित्रणाचा हंगाम तेवढाच असतो. याच तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा व सीना यांचा संगम आहे. भीमेचा प्रवाह पावसाइतकाच उजनी धरणातून सोडलेल्या पाण्यावरही अवलंबून असतो. पाणी अकस्मात वाढू शकत असल्याने विसर्गाची सूचना पाहूनच पात्रात उतरावे. नळदुर्ग (जि. धाराशिव) येथे बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला दगडी बंधारा असून त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदीला भरपूर पाणी आले म्हणजे त्यावरून ‘नर’ व ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात. स्थिर दगडी बांधकाम व चंचल पाणी एकत्र असल्याने ही जागा या पद्धतीस अनुकूल आहे.

उपयोग व मर्यादा : जलीय प्रयोगशाळांत प्रतिकृतीतील पाण्यावर कागदाचे कपटे सोडून ठराविक कालाचे उद्‌भासन देतात. १/२ सेकंदात कपट्याची रेषा २० सेंमी. उमटली, तर पृष्ठवेग सेकंदाला ४० सेंमी. ठरतो, रेषांवरून प्रवाहाची दिशा व भोवरेही कळतात. पाण्याची नोंद म्हणून मात्र असे चित्र जपून वापरावे लागते. क्षीण धारेतील थेंब वेगवेगळ्या वाटांनी पडून मधल्या फटी भरून काढतात आणि ओढा भरून वाहत असल्याचा भास होतो. याउलट पुराच्या लाटा पुसल्या जाऊन धोकादायक पात्र संथ दिसते. अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाणी किती व किती काळ होते, यावर पीक व पिण्याचे पाणी अवलंबून असते. म्हणून बंधारा, ओढा किंवा पूर यांच्या छायाचित्राखाली स्थळ व दिनांकाबरोबर उद्‌भासनकालही नोंदवणे आणि त्याच जागेवरून अल्प उद्‌भासनाचे दुसरे चित्र घेणे इष्ट होय. पहिल्यातून प्रवाहाची वाट कळते, दुसऱ्यातून त्याचे त्या क्षणीचे रूप; दोन्ही शेजारी ठेवल्यास पाहणाऱ्याची फसगत टळते.