विश्लेषण : दलदल किती सांडपाणी पचवू शकते?

शेतात खत सगळेच टाकतात. दलदलीत मुद्दाम खत टाकून वर्षानुवर्षे निरीक्षण करणारे मात्र विरळा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड किनाऱ्यावरील ग्रेट सिपेविसेट या खाऱ्या दलदलीत परिसंस्थाशास्त्रज्ञ इव्हान व्हॅलिएला आणि जॉन टील यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतले. जगात सर्वाधिक काळ चाललेल्या अशा प्रयोगांत त्याची गणना होते.

प्रयोग काय होता?

व्हॅलिएला मुळात कीटकांचे अभ्यासक. त्यांचे सुरुवातीचे संशोधन गायीगुरांच्या शेणात राहणाऱ्या किड्यांवर होते. दलदलीत त्यांनी १० मीटर त्रिज्येची वर्तुळे आखली आणि सांडपाण्याच्या गाळापासून बनवलेले खत त्यांत वेगवेगळ्या प्रमाणात टाकले. काही वर्तुळे तशीच सोडली. खत पडलेल्या ठिकाणी स्पार्टिना हे खारे गवत जोमाने वाढले. म्हणजे तेथे वाढीला अडसर होता तो नायट्रोजनच्या कमतरतेचा. दलदलीने आलेला बराच नायट्रोजन धरूनही ठेवला. काही गवताने शोषला, काही चिखलात गाडला गेला आणि काही जिवाणूंनी वायूत रूपांतरित करून हवेत सोडला.

मग दलदलीत सांडपाणी सोडायला हरकत काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. नगरपालिकांना तर हे उत्तर फारच सोयीचे!

उत्तर खाडीत मिळाले

जवळच्या वॉक्वाइट उपसागरात चित्र वेगळे होते. या भागातील बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहेत. जमीन वाळूची, त्यामुळे त्यांतील नायट्रोजन भूजलात झिरपतो आणि सावकाश, कधी कधी अनेक वर्षांनी, खाडीत पोहोचतो. आज बांधलेल्या घराचे बिल पाणी बऱ्याच उशिरा वसूल करते.

व्हॅलिएला आणि सहकाऱ्यांनी उपसागराला मिळणाऱ्या खाड्यांची तुलना केली. दाट वस्तीतून येणाऱ्या चाइल्ड्स नदीच्या मुखाशी शेवाळाचे जाड थर होते आणि समुद्री गवत नाहीसे झाले होते. झाडीने वेढलेल्या सेज लॉट पाँडमध्ये मात्र ते टिकून होते. शेवाळ वाढले की तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि गवत मरते. स्कॅलॉप या शिंपल्याची पिल्ले याच गवताला चिकटून वाढतात, त्यामुळे मासेमारांचेही नुकसान होते.

हा नायट्रोजन घरांतलाच कशावरून? सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजनमध्ये ‘जड’ नायट्रोजनचे प्रमाण पावसातून किंवा रासायनिक खतातून येणाऱ्यापेक्षा थोडे जास्त असते. ही खूण वनस्पतींच्या पानांत उतरते. १९९७च्या शोधनिबंधात या पथकाने ती मोजून दाखवली. सांडपाण्याचा वाटा जिथे जास्त, तिथे खूणही ठळक होती.

पुढे २००२मध्ये व्हॅलिएला आणि मार्सी कोल यांनी अनेक ठिकाणची आकडेवारी एकत्र करून मांडले, की काठावर दलदल किंवा खारफुटी अधिक असेल तिथे समुद्री गवताला संरक्षण मिळते.

म्हणजे गाळणी उपयोगी आहे, पण तिचा आकार महत्त्वाचा. आणि तोच तर घटतो आहे. व्हॅलिएला, जेनिफर बोवेन आणि जोआना यॉर्क यांनी २००१मध्ये खारफुटीचा (आपल्याकडे कांदळवन) जागतिक आढावा घेतला, तेव्हा दोन दशकांत किमान ३५ टक्के क्षेत्र नष्ट झाल्याचे दिसले. कोळंबी संवर्धनाचे तलाव हे त्याचे मोठे कारण होते.

मतभेद कुठे?

सिपेविसेटच्या वर्तुळांत खतामुळे जमीन काहीशी उंचावल्याचे आढळले. समुद्राची पातळी वाढत असताना ही दिलासा देणारी गोष्ट. पण त्याच राज्यातील प्लम आयलंड येथे लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी भरतीच्या पाण्यातून नऊ वर्षे नायट्रेट सोडले, तेव्हा ओहोळांचे काठ ढासळू लागले. गवताची मुळे कमी वाढली आणि चिखल सैल झाला, असे त्यांनी २०१२मध्ये ‘नेचर’मध्ये नोंदवले. खत वरून टाकले की पाण्यातून आले, यानेही फरक पडत असावा.

केप कॉडवर वाद आता प्रयोगशाळेबाहेर गेला आहे. राज्याने २०२३मध्ये नवे नियम लागू केले. त्यानुसार नायट्रोजन-संवेदनशील भागांतील गावांनी पाणलोट क्षेत्राचा परवाना घ्यायचा, नाहीतर घरमालकांनी सेप्टिक टँकची यंत्रणा सुधारायची. खर्च कोणाच्या खिशातून जाणार, यावर तेथे चर्चा सुरू झाली आहे.